रिमोटचा रणगाडा जागच्या जागी गिरक्या घेतोय: परत पाठवू की घरीच उघडू?

वणाकाठचा

राम राम मंडळी. मुक्काम हिंगणघाट तालुक्यातलं एक खेडं. घरी शेती, जोडीला कृषी केंद्र.

पोरासाठी (बायकोच्या मते माझ्यासाठी) ऑनलाइन रिमोटचा रणगाडा मागवला. जर्मन पँथर, १/१६ मापाचा, नळीसकट अर्ध्या मीटरच्या वर लांब. माल चिनी, किंमत साडेतेरा हजार. तोफ झटका घेते, मागून धूर निघतो, इंजिनाचा आवाज तर असा की शेजारची आजी विचारून गेली, ट्रॅक्टर घेतला का म्हणून. सगळं आहे, फक्त डावा पट्टा फिरत नाही. पुढे दाबलं की गाडी गिरकी घेते, मागे दाबलं की उलटी गिरकी. खोक्यातून काढल्यापासून हेच चालू आहे. खोका उघडतानाचा व्हिडिओ आहे माझ्याकडे.

परतीची मुदत सात दिवस. ॲपवर विनंती टाकली तर म्हणे 'आपल्या पिनकोडवर पिकअप उपलब्ध नाही'. आणून द्यायला त्याच पिनकोडवर पोट्टा बरोबर आला होता! विक्रेता म्हणतो, स्वखर्चानं दिल्लीला कुरिअर करा, तपासून पाहू, मग पैशाचं बोलू. म्हणजे खोका घेऊन हिंगणघाट गाठा, कुरिअरचे पैसे भरा आणि वाट पाहत बसा.

त्यात तान्हा पोळा तोंडावर. पोरानं साऱ्या गल्लीत सांगून ठेवलं की यंदा त्याच्या नंदीला रणगाडा ओढणार.

स्क्रूड्रायव्हर, मल्टिमीटर घरी आहे. दुकानातले फवारणी पंप मीच उघडतो. पण खालच्या एका स्क्रूवर स्टिकर आहे, ते फाटलं की वॉरंटी गेली. काय करू? कोणी असं काही केलं असेल तर सांगा.

ठेचा_भाकर

एकच बाजू चालते, आवाज खूप, धूर खूप, आणि गाडी जागच्या जागी. आमच्या ग्रामपंचायतीचं मॉडेल मिळालं जी तुम्हाला. ते परत घेत नाहीत, पाच वर्षं थांबा लागते.

पुणेरी_पगडी

परत करा. यात चर्चेसारखं काय आहे? साडेतेरा हजार दिलेत, चालती वस्तू मिळायला हवी. आमच्याकडे विनंती टाकली की दुसऱ्या दिवशी माणूस दारात असतो.

(तान्हा पोळा म्हणजे काय? पोळा माहीत आहे.)

भिवापुरी_मिरची

पगडी दादा, तुमच्या दारात येतो, आमच्याकडे कुरिअरवाला फोन करून म्हणतो, "ताई, फाट्यावर या." फाटा चार किलोमीटर. मी एकदा मिक्सर परत केला होता. फाट्यावर उन्हात उभी राहिले, तो आला नाही आणि ॲपवर आलं 'ग्राहक उपलब्ध नव्हते'.

तान्हा पोळा म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा लेकरांचा पोळा. लाकडी नंदीला चाकं असतात, त्याला झूल, बेगड, गोंडे लावून पोरं दोरीनं ओढत नेतात. घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. सिंदी रेल्वेचे नंदी बघा कधी येऊन, माणसाएवढे असतात.

कथील

आधी एक गोष्ट. परत पाठवायचं की उघडायचं हे ठरवायच्या आधी बिघाड कुठं आहे ते कळायला पाहिजे, आणि त्यासाठी स्टिकरला हातही लावायची गरज नाही. मी नागपूरला हेच धंदे करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या मापाच्या रणगाड्यात दोन मोटारी असतात, प्रत्येक पट्ट्याला एक. मोटारीच्या शाफ्टवर पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, त्यापुढे डब्यात तीन-चार गिअर, आणि डब्यातून बाहेर येणाऱ्या दांड्यावर दातेरी चाक, म्हणजे स्प्रॉकेट. ते पट्टा ओढतं. पँथरचं स्प्रॉकेट पुढच्या बाजूला असतं. मोटारींना वीज मधल्या सर्किट बोर्डातून जाते. म्हणजे डावा पट्टा बंद असेल तर चारच जागी शंका घ्यायची: बोर्ड, वायर, मोटार, गिअर.

आता असं करा. गाडी दोन विटांवर ठेवा, पट्टे हवेत लोंबू द्या. रिमोटवरून आवाज पूर्ण बंद करा. सगळे हीच गोष्ट विसरतात, त्या नकली इंजिनाच्या गोंगाटात खरी मोटार ऐकू येत नाही. मग रिमोटची पुढे जायची दांडी हळूहळू दाबा आणि डाव्या बाजूला कान लावा.

मोटार घूं करते पण चाक फिरत नाही: गिअर, पिनियन किंवा स्प्रॉकेटचा स्क्रू.
मोटार गप्प आहे: वायर, मोटार किंवा बोर्ड.
टिकटिक येते: दात तुटला आहे किंवा पट्टा फार ताणला आहे.

मग गाडी बंद करून दोन्ही स्प्रॉकेट हातानं फिरवून बघा. गिअर जुळलेले असतील तर मोटारीसकट सगळी माळ फिरवावी लागते, म्हणून चाक जड लागतं. एक बाजू जड आणि दुसरी एकदम मोकळी लागली तर मोकळ्या बाजूचा सांधा आतून सुटलेला आहे, हे लिहून घ्या.

दोन्हीचा व्हिडिओ काढा. मग बोलू.

बाइंडिंगवाला

कथील भाऊ बरोबर बोलले, पण मी म्हणतो एवढं कायले करता? उघडा सरळ. माझं दारव्ह्याकडं मोटार बाइंडिंगचं दुकान आहे. सबमर्सिबल जळाली तर शेतकरी कंपनीकडं पाठवते का? गव्हाले पाणी द्याचं असते, तो संध्याकाळपर्यंत गुंडाळून मागते. वॉरंटीचं कार्ड घरी भिंतीले लटकून राहते.

चार स्क्रूचं काम आहे. स्टिकर हेअर ड्रायरनं गरम करा, अख्खं निघते, मग परत चिकटवून द्या. कोणाले कळते?

अंबानगरी

बाइंडिंगवाले दादा, हे मात्र करू नका, आणि दुसऱ्याला सांगूही नका. मी अमरावतीला वकिली करते. स्टिकर काढून परत चिकटवलं हे उद्या उघडकीला आलं तर वणाकाठचा भाऊंची बाजू खरी असूनही खोटी ठरेल. आत्ता त्यांचं पारडं जड आहे, ते हलकं करायचं काही कारण नाही.

सदोष वस्तू परत घ्यायला किंवा पैसे द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, असं ई-कॉमर्स नियम, २०२० मध्ये स्पष्ट आहे. हे नियम ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली आलेत. प्रत्येक ऑनलाइन मंचाला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात निपटारा करायचा. 'मत परिवर्तन झालं म्हणून परत' आणि 'बिघडलेलं आलं म्हणून परत' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सात दिवसांची मुदत पहिल्यासाठी ठीक, दुसऱ्यावर ती झाकण म्हणून वापरता येत नाही. तरी लेखी तक्रार मुदतीच्या आतच टाका, वाद कशाला.

पिकअप नाही ही त्यांची अडचण, तुमची नाही. तसं लिहून विचारा. दाद लागली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं. त्याउपर वर्ध्याचा जिल्हा ग्राहक आयोग. आता तक्रारदार जिथं राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, दिल्लीला जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, आणि दोन वर्षांची मुदत आहे.

ठेचा_भाकर

ताई, आयोगाचा निकाल लागेस्तोवर पोरगं लग्नाचं होईल. मग वरातीत नेईल रणगाडा.

अंबानगरी

@ठेचा_भाकर, हसण्यावारी नेऊ नका. :) बहुतेक प्रकरणं आयोगापर्यंत पोचतच नाहीत, १९१५ वरच मिटतात. कंपनीला एकदा कळलं की समोरच्याला कायदा माहीत आहे, की भाषा बदलते.

पुलगावकर

पँथर म्हटल्यावर राहवलं नाही. मी पुलगावच्या दारूगोळा डेपोतून निवृत्त झालो. रणगाड्यावर कधी बसलो नाही, पण वाचन भरपूर.

वणाकाठचा, तुम्हाला मिळालं ते अगदी अस्सल आहे! खऱ्या पँथरची दुखती नस हीच होती. आराखडा ३५ टनांच्या आसपासचा, गाडी झाली ४५ टनांची. वजन वाढत गेलं आणि पट्टा ओढणारे शेवटचे गिअर, ज्याला फायनल ड्राइव्ह म्हणतात, ते होते तेवढ्याच ताकदीचे राहिले. चांगले गिअर कापायची यंत्रं जर्मनीत कमी पडली म्हणून साधे सरळ दाते ठेवले. जुलै १९४३ मध्ये कुर्स्कला पहिल्यांदा लढाईत उतरवले तेव्हा शत्रूची गोळी लागायच्या आधीच कित्येक रस्त्यात बंद पडून उभे होते. युद्धानंतर फ्रेंचांनी हाती लागलेले पँथर काही वर्षं वापरले. त्यांच्या १९४७ च्या अहवालात फायनल ड्राइव्हचं सरासरी आयुष्य १५० किलोमीटर दिलं आहे. हिंगणघाटहून नागपूरला जाऊन आलं की संपलं.

तोफ आणि समोरची तिरकी पोलादी पाटी मात्र उत्तम होती, तिथं जर्मनांना नावं ठेवता येत नाहीत.

अवांतर: खरे रणगाडे जवळून पाहायचे असतील तर नगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम गाठा, पोराला घेऊन जा. इथं विदर्भात दारूगोळा पिकतो, रणगाडे चेन्नईजवळच्या आवडी गावाला.

कापूसकोंड्या

पुलगावकर काका, पिकतो काय, पिकतो म्हणता! भद्रावती, भंडारा, अंबाझरी, पुलगाव... कापसाच्या खालोखाल आपलं तेच पीक आहे.

पुलगावकर

आणि भाव त्यालाच चांगला आहे. असो.

एक_संशयी_वाचक

एक विचारू का? धाग्यात लिहिलंय पोरगा नंदीला रणगाडा जुंपणार. जुंपून पाहिला नाही ना आधीच? लाकडी नंदी भरीव सागाचा असेल तर चार-पाच किलो सहज भरतो. तो ओढताना गिअर गेला असेल तर विक्रेत्याचा दोष कसा?

वणाकाठचा

@एक_संशयी_वाचक, नाही जी. नंदी अजून माळ्यावरच आहे, रंग द्यायचा बाकी आहे. खोक्यातून काढून, चार्ज करून पहिल्यांदा ओसरीवर ठेवला तेव्हाच गिरकी घेतली. त्याचाही व्हिडिओ सलग आहे, मध्ये कापलेला नाही. विचारलं ते बरं केलं, विक्रेताही हेच विचारेल.

कथील भाऊ, विटांवर ठेवून पाहिलं. तुम्ही म्हटलं ते अगदी खरं, आवाज बंद केल्यावर समजलं. डावी मोटार फिरते! घूंऽऽ असा बारीक आवाज येतो, उजवीपेक्षा थोडा चढा. चाक मात्र ढिम्म. आणि हातानं फिरवून पाहिलं तर उजवं स्प्रॉकेट जड, डावं बोटाच्या टोकानं फिरते, दोन-दोन चकरा मारून थांबते.

आणखी एक. ओसरीच्या मागच्या खोलीत मागच्या हंगामाचा थोडा कापूस आहे. उजव्या बाजूच्या चाकाच्या बुडाशी तंतू गुंडाळलेले दिसले. त्यानं काही?

कथील

निदान झालं म्हणायला हरकत नाही. बोर्ड ठीक, वायर ठीक, मोटार ठीक. डावी मोटार चढ्या आवाजात फिरते कारण तिच्यावर भारच नाही, ती हवेत फिरतेय. आणि स्प्रॉकेट हातानं मोकळं फिरतंय म्हणजे मोटार आणि चाक यांच्यातला सांधा तुटलाय. माझा अंदाज, पिनियन. मोटारीच्या शाफ्टवर दाबून बसवलेलं ते चिमुकलं चाक. स्वस्त गाड्यांत ते प्लास्टिकचं असतं, कारखान्यात दाबून बसवताना त्याला उभी चीर जाते. मग शाफ्ट आत गोल फिरतो आणि पिनियन जागेवर उभं राहतं. डोळ्याला चीर दिसत नाही, नखानं चाचपलं की लागते.

स्प्रॉकेटचा स्क्रू बाहेरून दिसतो, तो तेवढा घट्ट आहे का बघा. दांडा फिरतो आणि चाक फिरत नाही असं असेल तर दोन मिनिटांचं काम.

कापसाचं बोललात ते महत्त्वाचं. आत्ताच्या बिघाडाशी त्याचा संबंध नाही, पण पुढे उजवी बाजू त्यानंच जाईल. कापसाचा तंतू दांड्याभोवती गुंडाळत जातो, हळूहळू दोरखंड होतो आणि बुशात, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या कडीत, घुसतो. मोटारीवर भार येतो, ती तापते, जास्त करंट ओढते आणि मग बोर्डावरचा मोटार चालवणारा भाग जळतो. बोर्ड गेला की खरा खर्च. चिमट्यानं काढा, ब्लेड लावू नका.

बाइंडिंगवाला

पिनियन असन तर मग घरीच करा ना! ३८० नंबरची मोटार असते यात, शाफ्ट २.३ मिलिमीटर. पितळी पिनियन ५०-६० रुपयाले भेटते नागपूरले सीताबर्डीवर. दाबलं, बसलं, झालं. कुरिअर, वकील, आयोग, पँथरचा इतिहास, सगळं बाजूला.

कथील

दात जुळायला हवेत हो. दात किती आणि दाताचं माप काय, दोन्ही जुळलं पाहिजे. नुसतं शाफ्टचं भोक बरोबर असून चालत नाही. बर्डीवर मोदी नंबरच्या गल्ल्यांत इलेक्ट्रॉनिक्सचं सगळं मिळेल, पण या मापाचं पिनियन तिथं हमखास मिळेल असं मी लिहून देणार नाही. चुकीचं बसवलं तर पुढचा गिअर खाऊन टाकेल.

आणि कोणी फेविक्विक सुचवायच्या आधी सांगून ठेवतो: नको. पातळ असतं, शाफ्टवरून ओघळून मोटारीच्या बुशात जातं आणि मोटारच कायमची चिकटते.

ठेचा_भाकर

मी लिहायलाच घेतलं होतं फेविक्विक. पुसलं.

पुणेरी_पगडी

मी अजूनही म्हणतो, परत करा. कथील यांनी बिघाड शोधून दिला हे उत्तम, पण नवीन वस्तू घेऊन ग्राहकानंच निदान करायचं, ग्राहकानंच सुटा भाग शोधायचा, ग्राहकानंच बसवायचा? विक्रेत्याचं काम तुम्ही का करताय? असं केलं की तो तोच खोक्याचा माल पुढच्या गिऱ्हाइकाला विकत राहतो. तुम्ही हुशार आहात, पुढचा नसेल.

भिवापुरी_मिरची

पगडी दादांचा मुद्दा पहिल्यांदाच पटला.

वणाकाठचा

मुद्दा मलाही पटतो. पण दादा, परत पाठवला तर त्याचं निदान त्यांच्या माणसाच्या हातात जाते. तो म्हणाला 'वापरामुळे नुकसान', तर माझ्या हाती काय? गाडी दिल्लीत, मी इथं, पोरगं ओसरीवर.

शिवाय अजून एक अडचण. हिंगणघाटच्या कुरिअरवाल्यानं विचारलं, आत बॅटरी आहे का? लिथियमची असेल तर विमानानं जाणार नाही म्हणे, ट्रकनं जाईल, वेळ लागेल.

कथील

त्याचं अगदी चूक नाही. बॅटरी फुगलेली किंवा बिघडलेली असेल तर विमानानं पाठवायला बंदीच आहे. तुमची चांगली आहे, पण खेड्यातला कुरिअरवाला तो फरक करत बसत नाही, सरळ नाही म्हणतो.

बॅटरीवरून आठवलं, आणि हे कृपया सगळ्यांनी वाचा. यातली बॅटरी ७.४ व्होल्टची असते, दोन सेलची, पूर्ण भरल्यावर ८.४. गावाकडं घरोघरी फवारणी पंपाचा चार्जर असतो. तो १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी असतो आणि चौदा व्होल्टच्या आसपास सोडतो. पिना कापून जोड दिला की 'चार्ज होतंय' असं वाटतं. लिथियमच्या दोन सेलना ते झेपत नाही, फुगतात, पेट घेतात. कापूस असलेल्या घरात तर अजिबात नको. सोबत आलेलाच चार्जर वापरा आणि चार्जिंगला लावून शेतावर जाऊ नका.

बाइंडिंगवाला

याच्यावर मात्र भाऊंशी शंभर टक्के सहमत. माझ्या दुकानात अशी फुगलेली एक मोबाइलची बॅटरी पोट्ट्यानं सुईनं टोचली होती. टेबलावर अजून काळा डाग आहे. आता गिऱ्हाईक घाई करायला लागलं की मी तो डाग दाखवतो.

पुलगावकर

कथील, हा प्रतिसाद वेगळा धागा करून वर ठेवा असं संपादकांना सुचवतो.

अंबानगरी

वणाकाठचा भाऊ, पगडींचा मुद्दा आणि तुमची अडचण, दोन्ही खरे आहेत. मधला रस्ता आहे. उघडायचंच असेल तर त्यांच्याकडून लेखी घेऊन उघडा.

त्यांना असं लिहा: वस्तू सदोष आली आहे, खोका उघडल्यापासूनचा सलग व्हिडिओ सोबत जोडला आहे, डाव्या बाजूचा गिअरबॉक्स निकामी आहे, तो बाहेरून तपासून दाखवला आहे. आपण एक तर स्वखर्चानं वस्तू नेऊन पैसे द्या, किंवा नवा गिअरबॉक्स विनामूल्य पाठवा आणि तो बसवण्यासाठी मी गाडी उघडल्यास उरलेली वॉरंटी कायम राहील असं याच ईमेलवर कळवा. सात दिवसांत उत्तर न आल्यास १९१५ वर तक्रार नोंदवीन.

फोनवर काही कबूल करू नका, फोन आला तर "मेलवर टाका" म्हणा. आणि हो, आयोगापुढं प्रकरण गेलंच तर वस्तूतला दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तेव्हा आयोग ती सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवतो. म्हणून लेखी परवानगीशिवाय उघडलेली गाडी तिथं गैरसोयीची ठरते. हेअर ड्रायरवाल्या दादांनी वाचावं.

बाइंडिंगवाला

वाचलं ताई. ड्रायर ठेवून दिला.

कापूसकोंड्या

एक बाजूचा मुद्दा. असल्या मालाचे सुटे भाग इथं महाग का, तर खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. वणाकाठचा भाऊ, खोक्यावर ते चिन्ह आहे का बघा. नसेल आणि विक्रेत्यानं ते लहान मुलांचं खेळणं म्हणून विकलं असेल तर मेलमध्ये तेवढं एक वाक्य टाका. अंबानगरी ताई म्हणतात तशी भाषा लगेच बदलेल.

वणाकाठचा

खोका चारही बाजूंनी पाहिला. चिन्ह नाही. चिनी अक्षरं भरपूर.

वणाकाठचा

मंडळी, मेल टाकला. ताईंनी सांगितला तसाच, खाली कापूसकोंड्या भाऊंचं एक वाक्य जोडून. आधी फोन आला. गोड बोलला, दीड हजार परत देतो, ठेवून घ्या म्हणाला. मी म्हटलं मेलवर टाका. मग संध्याकाळी मेल आला: गिअरबॉक्सची डावी-उजवी जोडी पाठवतो, बसवण्यासाठी गाडी उघडायला हरकत नाही, वॉरंटी कायम. पोचवायला पत्ता विचारला. आता म्हणतो पत्ता! पिनकोड चालतो वाटते.

पुणेरी_पगडी

अभिनंदन, पण माझा मुद्दा उभाच आहे. तुमच्या एकट्याचं मिटलं. त्यांच्या गोदामात तशाच चिरा गेलेल्या पिनियनचे आणखी किती खोके असतील?

वणाकाठचा

म्हणून १९१५ वर चिन्हाबद्दल वेगळी तक्रार टाकली आहे. माझ्या गाडीशी संबंध न ठेवता.

पुणेरी_पगडी

मग पगडी उतरवली.

वणाकाठचा

गिअरबॉक्स आला. काल रात्री बसवला. कथील भाऊंसाठी फोटो टाकतो.

वरचं कवच उचललं की आत तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या वायरी असतात, त्या ओढू नका, आधी पिना सोडवा. मी प्रत्येक पिनेवर खडूनं खूण केली. जुना डावा डबा खोलला. पिनियन पांढरं प्लास्टिकचं, उभी बारीक चीर, नख बरोबर अडकते. शाफ्टवर गोल घासल्याची चकाकी. आत पांढऱ्या ग्रीसमध्ये प्लास्टिकचा भुगा, मिठासारखा. नव्या जोडीत पिनियन पितळी आहे, म्हणजे कारखान्याला हा दोष आधीच माहीत होता म्हणायचं.

दोन्ही बाजू नवीनच बसवल्या. सरळ चालते. उजव्या दांड्यावरचा कापूस चिमट्यानं काढला, बोटाच्या पेराएवढा निघाला.

कथील

पितळी पिनियन पाहून बरं वाटलं. दोन्ही बदललं तेही योग्य, जुनं-नवं मिसळलं की गाडी एका बाजूला ओढते. आता पट्टा जरा सैल ठेवा. वरच्या बाजूनं बोटानं दाबल्यावर थोडा खाली गेला पाहिजे. आणि नंदी जुंपणार असाल तर दोरी बुरुजाला नको, मागच्या हुकाला बांधा. सिमेंटच्या रस्त्यावर चालवा, मुरुमावर नको. खडा अडकला तर लगेच थांबवा.

एक_संशयी_वाचक

नंदी किती किलोचा आहे ते मोजून सांगा आधी.

वणाकाठचा

दुकानातल्या काट्यावर ठेवला. तीन किलो दोनशे. चाकांना एरंडेल घातलं, आता एका बोटानं ढकलला जातो.

पुलगावकर

मग ओढेल. चढाला मात्र पोरानं हात लावावा. खरा पँथर बंद पडला की त्याला ओढायला दोन-दोन मोठ्या ओढगाड्या लागायच्या.

बाइंडिंगवाला

जुना उजवा डबा काय करून रायले? मोटार चांगली असन तर पाठवा इकडं, पैसे देतो. पोराच्या फवाऱ्याच्या खेळण्याले लावतो.

वणाकाठचा

दोन्ही मोटारी चांगल्या आहेत, डावीही. तिचा काहीच दोष नव्हता. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, एसटीच्या पार्सलनं पाठवतो. पैसे नको.

नवा_आयडी_७

धागा वाचला नाही, थेट विचारतो. माझा ड्रोन एका बाजूला झुकून उडतो. परत करू का?

ठेचा_भाकर

विटांवर ठेवा.